समोरच्याचे डोळे

धर्माचरणाच्या मोठ्या प्रश्नांवर आपल्या मंडळ्यांत पुष्कळ बोलले जाते. क्षमा, दानधर्म, हुंडा, दारू, भाऊबंदकी यांवर प्रवचने होतात, अभ्यासवर्ग होतात, आणि ते व्हावयास हवेतच. परंतु ज्या गोष्टी करावयास एका बोटाची हालचाल पुरते, आणि न केल्यास सहसा कोणी जाब विचारीत नाही, अशा गोष्टींची चर्चा क्वचितच होते. आज आम्ही अशीच एक गोष्ट वाचकांपुढे ठेवीत आहोत. रात्री मोटार किंवा स्कूटर चालविताना समोरून वाहन आले, तर आपण आपला दिवा खाली करतो काय?

कोणी म्हणेल, हा प्रश्न वाहतूक पोलिसांचा आहे, मंडळीच्या मासिकाचा त्याच्याशी काय संबंध? आम्हांला तसे वाटत नाही. समोरून येणारा मनुष्य कोण, हे आपल्याला ठाऊक नसते. त्याचा चेहरा दिसत नाही. दिसतात ते फक्त दोन दिवे. तो क्षणात मागे पडतो आणि पुन्हा कधी भेटत नाही. त्याच्याशी चांगले वागलो तर तो घरी येऊन आभार मानणार नाही. वाईट वागलो तर तक्रार करणार नाही. अशा मनुष्याविषयी आपले काही कर्तव्य आहे काय? नीतिशास्त्रातील हा फार जुना प्रश्न आहे, आणि तो रोज दिवेलागणीनंतर आपल्यापुढे उभा राहतो.

आम्ही राहतो ते सिकंदराबाद मुळात लष्करी छावणी म्हणून वाढले. तिसरा निजाम सिकंदर जाह याच्या नावावरून १८०६ साली त्याला हे नाव मिळाले. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता, त्यामुळे जालना, नांदेड, परभणीकडील कुटुंबे रेल्वेच्या आणि सरकारी नोकऱ्यांच्या निमित्ताने इकडे आली आणि येथेच राहिली. घोडे, टांगे आणि पायदळ यांच्यासाठी आखलेले रस्ते होते ते. १९३२ साली निजामाच्या रेल्वेने येथे बससेवा सुरू केली, तेव्हा तिच्याजवळ अवघ्या २७ बसगाड्या होत्या. आज पॅराडाइज चौकातून एक रस्ता बोवेनपल्लीवरून नागपूरच्या महामार्गाला जातो, दुसरा कारखाना, तिरुमलगिरी, अलवाल या वस्त्यांतून करीमनगरकडे जातो. दोन्ही बाजूंना छावणीची जमीन असल्यामुळे हे रस्ते कित्येक वर्षे अरुंदच राहिले. संरक्षण खात्याने जमीन देण्यास मान्यता दिल्यावर मार्च २०२४ मध्ये त्यांवरील उन्नत मार्गांची पायाभरणी झाली. दिवसा येथे गर्दीचा त्रास असतो, रात्री दिव्यांचा.

मोठ्या रस्त्यांना निदान दुभाजक तरी आहेत. महामार्गाच्या दुभाजकावर कण्हेरीची किंवा बोगनवेलीची झुडपे लावतात, ती केवळ शोभेसाठी नसतात. पलीकडच्या वाहनांच्या दिव्यांचा झोत अलीकडच्या चालकाच्या डोळ्यांवर येऊ नये, हेही त्यांचे काम असते. छावणीतील आतल्या रस्त्यांवर, बोलारमच्या किंवा मारेडपल्लीच्या गल्ल्यांत, असा आडोसा नाही. तेथे कण्हेरीचे काम चालकानेच करावयाचे असते.

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. रेल्वेतून निवृत्त झालेले, वयाची सत्तरी ओलांडलेली, पण प्रकृतीने ठणठणीत. गेली दोन-तीन वर्षे ते सायंकाळच्या प्रार्थनासभेला येईनासे झाले. सकाळच्या उपासनेला स्कूटरवरून नियमाने येतात, पण संध्याकाळी नाही. आम्ही कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, “अहो, मला अंधाराची भीती वाटत नाही, उजेडाची वाटते.” एका मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, दुसरा अजून पिकावयाचा आहे. समोरून प्रखर दिवा आला की त्यांना सगळीकडे पांढरे धुके दिसते आणि रस्ता नाहीसा होतो. दोनदा पडता पडता वाचले. शेवटी त्यांनी संध्याकाळ सोडून दिली. कोणी त्यांना बंदी केली नाही, कोणी त्यांचा द्वेष केला नाही. तरीही शेकडो अनोळखी माणसांनी मिळून एका म्हाताऱ्या मनुष्याची संगत त्याच्यापासून काढून घेतली, आणि त्यांच्यापैकी एकालाही त्याची खबर नाही.

डोळ्यांचे शास्त्र काय सांगते तेही पाहू. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली मोठी होते आणि डोळा हळूहळू अंधाराला सरावतो. हे सरावणे पूर्ण व्हावयास अर्धा तासही लागतो. परंतु एक प्रखर झोत ते क्षणात मोडून टाकतो, आणि नजर ताळ्यावर यावयास काही सेकंद जातात. वय वाढेल तसा हा वेळ वाढतो. मोतीबिंदू असेल तर आत शिरणारा प्रकाश विखुरतो आणि झळाळी दुप्पट वाटते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. तीन सेकंद डोळे दिपले, तर चालक ५० मीटर अंतर न पाहता गेला. त्या ५० मीटरांत काय असेल? बंद पडलेली हातगाडी असेल, म्हैस असेल, शिकवणीहून परतणारी मुलगी असेल.

कायद्याने हे ओळखले आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील १०६ वा नियम दिव्यांच्या झोताविषयीच आहे. दिव्यापासून आठ मीटर अंतरावर, दिव्याच्या उजवीकडे अर्धा मीटर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा आहे, त्याला झोताने दिपवू नये, अशी त्यात मोजमापे घालून दिली आहेत. वाचकांनी या मोजमापांचा थोडा विचार करावा. नियम करणाऱ्यांनी दिवा किती लांब पोचतो याचा हिशेब केला आणि तेथेच न थांबता समोरच्या मनुष्याचा डोळा कोठे असेल, याचाही हिशेब केला. आपण गाडीत बसताना तो करतो काय?

एकाच दिव्यात दोन तारा घालून एक झोत दूरवर आणि एक खाली टाकण्याची युक्ती १९२० च्या दशकात युरोपात निघाली. मोटार नवी होती, रस्त्यावर गाड्या मोजक्या होत्या, तरीही इतक्या लवकर तिच्या कारागिरांना ही कळ बसवावी लागली. म्हणजे दुसऱ्याच्या डोळ्यांचा प्रश्न मोटारीइतकाच जुना आहे. आपल्याकडे मालमोटारींच्या मागे “यूज डिपर अॅट नाइट” असे रंगविलेले असते. पूर्वी दिव्याच्या वरच्या अर्ध्या भागावर काळा रंग फासत, तेही जुन्या वाचकांना आठवत असेल. उपाय सर्वांना ठाऊक आहे. मग तो होत का नाही?

येथे आम्ही तीन सबबींचा विचार करणार आहोत, कारण मनुष्य सबबीमधूनच अधिक कळतो.

पहिली सबब अशी की, “मला लांबचे दिसले पाहिजे. माझी बायकामुले गाडीत आहेत.” ही सबब खोटी नाही. कुटुंबाची काळजी घेणे हे कर्तव्यच आहे. परंतु समोरचा चालक ज्या क्षणी आंधळा होतो, त्या क्षणी त्याची गाडी आपल्याच कुटुंबाकडे येत असते. समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांपैकी एकीच्या चालकाला दिसत नसेल, तर दुसऱ्याची दृष्टी कितीही चांगली असली तरी ती अर्धीच उपयोगाची. समोरच्याचे डोळे हे त्या वेळेपुरते आपलेही डोळे असतात. शिवाय खाली केलेला दिवा म्हणजे विझलेला दिवा नव्हे. आपल्या देशात वाहने डावीकडून चालतात, म्हणून खालचा झोत डाव्या कडेला थोडा अधिक लांब पडेल अशीच दिव्याची घडण असते. कडेचा मनुष्य दिसावा, समोरच्याचे डोळे वाचावे, असा तो मेळ आहे.

दुसरी सबब अधिक प्रामाणिक आहे, कारण ती रागाची आहे. “त्याने खाली केला नाही, मग मी का करू?” पुष्कळ चालक आधी एकदोनदा डिपर देतात, समोरचा ऐकत नाही असे दिसले की चिडून आपलाही झोत पूर्ण सोडतात आणि तो तसाच ठेवतात. शास्त्रात डोळ्याबद्दल डोळा असा जुना हिशेब सांगितला आहे. तो हिशेब आजच्या रस्त्यावर अक्षरशः चाललेला पाहावयास मिळतो, दिपविलेल्या डोळ्याबद्दल दिपविलेला डोळा. प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात हा हिशेब मोडून काढला. त्यामागचे कारण रस्त्यावर लहान मुलालाही समजेल: दोघांनी एकमेकांना आंधळे केले, तर रस्त्यावर पाहणारा कोणीच उरला नाही. निदान एकाला तरी दिसत राहावे यासाठी कोणीतरी आधी हात आवरला पाहिजे. आणि दुसऱ्यावर आपली सत्ता नसल्यामुळे तो कोणीतरी म्हणजे आपणच. हा दुबळेपणा नाही. बुद्धी शाबूत असलेल्या मनुष्याने बुद्धी गमावलेल्याच्या वाटणीचे कामही उचलले, एवढाच त्याचा अर्थ.

आणि समोरचा दुष्टच आहे, हे तरी आपण कशावरून ठरवितो? कित्येक चालकांना गाडीच्या काट्यांजवळ दिसणारी लहानशी निळी खूण कशाची, हेच माहीत नसते. वरचा झोत चालू असल्याची ती खूण. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन सुरू होताच आपोआप लागतो. कळ वरच्या झोतावर राहून गेली असेल, तर चालविणारा दिवसरात्र तसाच हिंडतो आणि लोक आपल्यावर का चिडतात हे त्याला कळत नाही. कोणी जुन्या गाडीत बाजारातून आणलेला अधिक पांढरा, अधिक प्रखर दिवा बसवितो. तो दिवा त्या घडणीच्या काचेसाठी व परावर्तकासाठी केलेला नसतो, म्हणून कळ खाली असतानाही झोत वर उधळतो. कोणाच्या गाडीत मागे चार माणसे आणि सामान असते, त्यामुळे गाडीचे नाक वर उचलले जाते आणि दिवाही वर पाहू लागतो. या सर्वांचे आपल्याला दिसणारे रूप एकच, डोळ्यांवर आलेला झोत. त्यात द्वेष किती, अज्ञान किती, हे आपल्याला गाडीत बसून सांगता येत नाही. कुसळ आणि मुसळ यांचा दृष्टांत आपण सारे जाणतो. तोही डोळ्यांविषयीच आहे.

या ठिकाणी राजांच्या दुसऱ्या पुस्तकातील नवव्या अध्यायाची आठवण होते. इज्रेलच्या बुरुजावरील पहारेकऱ्याला दुरून येणारा रथ दिसतो. आत बसलेल्याचा चेहरा दिसत नाही, तरी तो रथ हाकण्याच्या बेफाम पद्धतीवरून सांगतो की हा येहू असावा. चेहरा दिसण्यापूर्वी हाकण्यावरून मनुष्य ओळखला गेला! आपल्या मंडळीतील माणसे रस्त्यावर कशावरून ओळखली जातात? गाडीच्या मागच्या काचेवर क्रूसाचे किंवा वचनाचे चिकटपत्र लावण्याची चाल आता पुष्कळ ठिकाणी आहे. लावण्यास हरकत नाही. परंतु समोरून येणाऱ्याला मागची काच दिसत नाही. त्याला दिसतो तो आपला दिवा.

तिसरी सबब आम्ही एका तरुणाकडून ऐकली. तो आमच्या तरुण संघातला, रात्री भाड्याची मोटार चालवून घर सांभाळणारा. सबब म्हणण्यापेक्षा तिला शंका म्हणणेच योग्य, आणि ती आम्हांला फार मोलाची वाटली. तो म्हणाला, “काका, तुम्ही म्हणता दिवा खाली करा. मी करतो. पण शहराबाहेर अंधारात दिवा खाली केला की कडेने चालणारा माणूस मला उशिरा दिसतो. समोरच्याचे डोळे वाचवू की कडेच्याचा जीव?”

हा प्रश्न खरा आहे. समोरच्या चालकाशी आपला जो काही व्यवहार चालतो, सौजन्याचा असो वा भांडणाचा, त्यात एक तिसरा मनुष्य नेहमी उभा असतो, आणि त्याच्याजवळ दिवाच नसतो. दोन चालक एकमेकांवर झोत सोडतात, दोघांच्या भोवती पोलादी पत्रा असतो, आणि चेंगरतो तो कडेने चालणारा किंवा सायकलवाला. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यावरील ४,६१,३१२ अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांपैकी ३२ हजारांहून अधिक पायी चालणारी होती. हे सर्व अपघात दिव्यांमुळे झाले असे कोणी म्हणणार नाही. पण पायी चालणाऱ्याने कोणाला दिपविल्याचे कोणी ऐकले आहे काय?

चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्याला निमित्त झालेला प्रश्न हाच होता की माझा शेजारी कोण. रस्त्यावर आपण समजतो की समोरच्या गाडीतला मनुष्य हाच काय तो आपला शेजारी किंवा आपला वैरी. त्या दाखल्यात शेजारी सापडला तो कडेला, जखमी होऊन पडलेला. आमच्या तरुण मित्राने नकळत त्याच मनुष्याकडे बोट दाखविले.

मग त्याच्या प्रश्नाचे उत्तर काय? उत्तर असे की दिवा खाली करणे हे अर्धेच कर्तव्य आहे. उरलेले अर्धे वेग कमी करणे हे होय. खालच्या झोतात सुमारे चाळीस-पन्नास मीटरपर्यंत नीट दिसते असे धरले, तर गाडी तेवढ्या अंतरात थांबली पाहिजे. जितके दिसते तितक्यात थांबता येईल इतकाच वेग ठेवावा, एवढा साधा तो नियम. ताशी ६० च्या वेगाला हे जेमतेम साधते. ८० ला साधत नाही. म्हणजे ज्याने दिवा खाली केला पण वेग तसाच ठेवला, त्याने समोरच्याला दिलेले सौजन्य कडेच्याच्या खात्यातून उसने घेतले. समोरच्याचे डोळे आणि कडेच्याचा जीव या दोहोंत निवड करावी लागत नाही. दोन्ही वाचतात, मात्र त्याची किंमत आपल्या वेळेतून द्यावी लागते. एवढी किंमत द्यावयाची नसते म्हणून आपण ती निवड दुसऱ्या दोघांवर ढकलतो.

आम्ही हे त्या तरुणाला सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “बरोबर आहे. पण सावकाश गेलो तर मागे बसलेला ओरडतो.” या एका वाक्याने विषय आमच्या अपेक्षेपेक्षा पुढे गेला. आतापर्यंत आम्ही चालकाच्या कर्तव्याविषयी बोलत होतो. परंतु आपल्यापैकी किती तरी जण स्वतः गाडी चालवीत नाहीत. रिक्षात, भाड्याच्या मोटारीत, मुलाच्या स्कूटरवर मागे बसतात. मागे बसून “अहो, जरा लवकर घ्या, गाडी चुकेल” असे म्हणणारा मनुष्य पायाने नाही तरी तोंडाने वेग वाढवीत असतो. चालक गरीब असतो, त्याचे भाडे आपल्या मर्जीवर असते. उशीर झाला म्हणून त्याच्याविरुद्ध तक्रार नोंदविणारा, आणि नंतर तोच बेफाम चालवितो म्हणून त्याला नावे ठेवणारा, असा मनुष्य कित्येकदा एकच असतो. घरून दहा मिनिटे आधी निघणे हीसुद्धा शेजाऱ्यावरील प्रीती आहे, असे आम्ही म्हणालो तर वाचकांनी हसू नये. “सावकाश चला, आम्हांला घाई नाही” हे एक वाक्य रात्रीच्या प्रवासात चालकाला ऐकवून पाहावे. त्याचे खांदे सैल पडलेले मागूनही दिसतात.

मोशेच्या नियमशास्त्रात या विषयाला लागू पडणाऱ्या दोन आज्ञा आहेत, आणि त्या आपल्याकडे फारशा वाचल्या जात नाहीत. लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवण्याची मनाई आहे. आंधळ्याला ते कोणी ठेवले हे दिसत नाही, म्हणून तो कोणाकडे दाद मागू शकत नाही. अशा ठिकाणी देवाचे भय हाच एक बंदोबस्त, असा त्या आज्ञेचा रोख आहे. आपण तर याच्याही पुढे जातो. डोळस मनुष्याला आधी आंधळा करतो, आणि मग त्याच्या वाटेत जे असेल ते असो म्हणून निघून जातो. दुसरी आज्ञा अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात आहे. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा. कोणी वरून पडला तर त्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल. मराठवाड्यातील धाब्याच्या घरात वाढलेल्या वाचकांना याचे मर्म सांगावयास नको. कठडा कोणासाठी? जो अजून आला नाही, ज्याचे नाव माहीत नाही, जो कदाचित कधीच पडणार नाही, त्याच्यासाठी. त्याला कठडा बांधणारा कोण हे ठाऊक होणार नाही. तो न पडता खाली उतरेल आणि घरी जाईल, आणि काही घडलेच नाही असे सर्वांना वाटेल. खाली केलेला दिवा हा असाच कठडा आहे. त्याचे फळ म्हणजे काहीही न घडणे.

पौल प्रेषिताने करिंथकरांच्या मंडळीला मांस खाण्याच्या वादात जे शिकविले, त्याचा धागाही येथे लागतो. बलवानाला एखादी मोकळीक असते. तरी दुबळ्या भावाला तिच्यामुळे ठेच लागत असेल, तर बलवानाने ती स्वखुशीने सोडावी. रस्त्यावर बलवान कोण? ज्याची गाडी मोठी, दिवा प्रखर, डोळे तरुण. दुबळा कोण? सायकलवाला, पायी चालणारा, मोतीबिंदूचा म्हातारा. ज्याच्याजवळ अधिक प्रकाश आहे, त्यानेच तो आवरता घ्यावयाचा आहे. ज्याच्याजवळ नाहीच तो काय आवरणार?

कोणी विचारील की एकट्याने हे करून काय होणार? त्याला आम्ही एक उदाहरण देतो. अपघातात सापडलेल्याला मदत करावयास लोक पूर्वी कचरत, कारण पोलीस आणि कोर्टाचा ससेमिरा मागे लागे. सेव्हलाइफ फाउंडेशन या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. ३० मार्च २०१६ रोजी न्यायालयाने मदत करणाऱ्याला संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात त्यासाठी १३४ अ हे कलम आले. इंग्रजीत त्या मनुष्याला ‘गुड समॅरिटन’ म्हणतात. लूकच्या शुभवर्तमानातील वाटसरू आपल्या देशाच्या कायद्यात जाऊन बसला! तरी त्या शोमरोन्याला थांबावे लागले, तेल-द्राक्षारस आणि पैसे खर्च करावे लागले. आपल्याला त्याआधीचे काम दिले आहे, कडेला कोणी पडूच नये याचे, आणि त्याला एक बोट आणि थोडा वेळ पुरतो.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना आमची विशेष विनंती आहे. मुले उपदेशपीठावरून शिकतात त्याहून अधिक गाडीच्या मागच्या आसनावरून शिकतात. समोरच्या गाडीवाल्याला बाबा कोणत्या शब्दांत संबोधतात, ते त्यांना पाठ असते. मोठ्या मुलांच्या वर्गात एक रविवार या विषयाला द्यावा. येहूची गोष्ट सांगावी, कठड्याची आज्ञा वाचून घ्यावी, आणि आपल्या घरातल्या गाडीत ती निळी खूण कोठे असते हे शोधून यावयास सांगावे. मुलांना असले काम आवडते, आणि ती घरी जाऊन वडिलांना विचारल्यावाचून राहत नाहीत.

मोठ्यांसाठीही काही साध्या गोष्टी आहेत. दिव्याच्या आणि पुढच्या काचा पुसलेल्या असाव्यात. धूळ आणि ओरखडे झोत विखुरतात. मागे वजन असेल तेव्हा दिव्याची पातळी खाली करण्याची चकती पुष्कळ गाड्यांत असते, ती वापरावी. मूळ घडणीबाहेरचा प्रखर दिवा बसवू नये. आपल्या पुढे त्याच दिशेने वाहन जात असेल तेव्हाही दिवा खालीच ठेवावा, कारण त्याच्या आरशातून तोच झोत त्याच्या डोळ्यांत जातो. समोरच्याने दिवा खाली केला नाही, तर त्या दिव्याकडे पाहू नये. रस्त्याच्या डाव्या कडेवर नजर ठेवून वेग कमी करावा. नाताळाच्या दिवसांत आपली गायकमंडळी रात्री गल्लीगल्लीतून पायी फिरते. त्यांच्यापैकी पुढच्या व मागच्या मनुष्याच्या हाती कंदील किंवा बॅटरी असावी आणि अंगावर फिकट रंगाचे कपडे असावेत. नाताळानंतर सोलापूरकडे किंवा नांदेडकडे रात्रीच निघणारी कुटुंबे असतात. शक्य असेल तर त्यांनी पहाटे निघावे. आणि आपल्या मंडळीत ज्यांना संध्याकाळी एकट्याने येववत नाही, अशा वृद्धांची यादी करून त्यांना आणण्या-पोचविण्याची जबाबदारी तरुण संघाने घ्यावी. वर सांगितलेल्या निवृत्त गृहस्थांसाठी दोन तरुणांनी आळीपाळीने हे काम पत्करले आहे. त्यांपैकी एक तोच, भाड्याची मोटार चालविणारा.

प्रभूने आपल्या शिष्यांना जगाच्या प्रकाशाची उपमा दिली, आणि दिवा मापाखाली झाकून ठेवण्यासाठी नसतो असेही सांगितले. त्या दाखल्यातला दिवा दिवठणीवर ठेवलेला आहे, आणि तो घरातल्या सर्वांना उजेड देतो. कोणाच्या डोळ्यांसमोर धरलेला तो नाही. आपली सत्यनिष्ठा, आपली भक्ती, आपले शास्त्राचे ज्ञान यांनाही हे लागू आहे असे आम्हांला वाटते. कारण तोही प्रकाश दुसऱ्याच्या तोंडावर मारता येतो आणि त्याला वाट दिसेनाशी करता येते. पण तो स्वतंत्र विषय आहे. आज रात्री एवढेच पुरे. चौक ओलांडून अंधाऱ्या रस्त्याला लागाल आणि दुरून दोन दिवे येताना दिसतील, तेव्हा त्यांच्या मागे डोळे आहेत हे आठवावे, कडेने कोणी चालत असेल हे आठवावे, कळ खाली करावी आणि पाय थोडा उचलावा. त्याने दिवा खाली केला की नाही, याची वाट पाहू नये.